बाळ रडतंय म्हणजे दूध कमी पडतंय? पाचवीपासून सव्वा महिन्यापर्यंतचा हिशोब

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथे नीट मांडून ठेवलेत. बाकी बोलणं जसं होतं तसंच आहे.)

००:०० सुरुवात

आज तान्ह्या बाळाबद्दल बोलूया. म्हणजे अगदी तान्हं, जन्मापासून दीड महिन्यापर्यंतचं.

आमच्या अकोला-अमरावतीकडे घरात बाळ आलं की तीन दिवसांच्या आत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "लेकरू काऊन रडून रायलं? दूध पुरत नाई वाटते माय." बोलणारी आजी असेल, शेजारची काकू असेल, नाहीतर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आलेली आत्या. मग संध्याकाळी कोणीतरी मेडिकलमधून पावडरचा डबा घेऊन येतं. वाटीभर पाजलं की बाळ झोपतं, घर शांत होतं आणि सगळ्यांना वाटतं, बघा, उपाशीच होतं बिचारं.

आज मला दोनच गोष्टी सांगायच्यात. एक, दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवता येत नाही, त्याची मोजमापं वेगळी आहेत. आणि दोन, रडणाऱ्या बाळापेक्षा न पिता शांत पडलेल्या बाळाची काळजी जास्त करायला हवी.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. बालरोगतज्ज्ञ आणि आशाताई जे सांगतात तेच मी सोपं करून सांगतेय. तुमच्या बाळाबद्दल शंका असेल तर हा भाग थांबवा आणि दवाखान्यात फोन करा.

०२:१५ पहिला तास आणि चीक

गाय व्यायली की आपण काय करतो? ओळखीच्या घरी निरोप पाठवतो, चीक मिळेल का म्हणून. मग त्याचा खरवस होतो आणि घरातले सगळे वाटी पुसून खातात. आणि बाईच्या पहिल्या दुधाला मात्र कितीतरी घरांत "ते पिवळं, जड, खराब दूध" म्हणून पिळून टाकून देतात. आहे की नाही गंमत?

तो पिवळसर, चिकट चीक म्हणजे बाळाचं पहिलं संरक्षण. त्यात रोगाशी लढणारी प्रथिनं भरपूर असतात. बाळाच्या आतड्याला आतून अस्तर लावल्यासारखं काम तो करतो आणि पोटातली पहिली काळी शी बाहेर काढायला मदत करतो. म्हणून जन्मानंतर तासाभराच्या आत बाळ छातीशी लावायचं. सिझर झालं असेल तरी आईला शुद्ध असेल आणि दोघं बरे असतील, तर कोणीतरी आधार देऊन लवकरात लवकर लावायचं.

"पण चीक तर चमचाभरच येतो!" हो, कारण पोटच तेवढं आहे. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी साधारण ५ ते ७ मिली मावतं, म्हणजे एक चहाचा चमचा. तिसऱ्या दिवशी ते साधारण २२ ते २७ मिली होतं आणि आठवड्याच्या शेवटी ४५ ते ६० मिली. म्हणजे पहिल्या दिवशी वाटीभर पावडर पाजणं हे आपण पाच जणांचं जेवण एकट्याने जेवण्यासारखं झालं. त्यानंतर झोप येणारच ना! बाळ समाधानाने झोपलं असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याचं पोट तट्ट भरलेलं असतं.

०५:०० दूध बनतं कसं

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं. छाती जड होते, कधी दुखतेही. पहिलटकरणीला आणि सिझर झालेल्या आईला एखादा दिवस जास्त लागू शकतो. हाच सगळ्यात नाजूक काळ, कारण पावडरचा डबा बहुतेक वेळा याच दिवशी घरात शिरतो.

आता दुधाचं तंत्र समजून घ्या. छाती म्हणजे टाकी नाही की भरली, संपली. ती विहिरीसारखी आहे, उपसाल तसा झरा चालतो. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो. त्यातून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध बनवतं आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं टाळून चालत नाही. आणि ऑक्सिटोसिनला ताण, वेदना, लाज यांचा अडथळा होतो. खोलीत बारा पाहुणे बसलेत, प्रत्येकजण "येतं का दूध?" विचारतोय, अशा वेळी दूध अडखळणारच.

दूध छातीत तसंच राहिलं तर शरीर समजतं की एवढ्याची गरज नाही, आणि बनवणं कमी करतं. आता पावडरची वाटी या हिशोबात ठेवून बघा. बाळाचं पोट भरलं, ते चार तास झोपलं, छाती उपसली गेली नाही, दुसऱ्या दिवशी दूध खरंच कमी बनलं. मग घरचे म्हणतात, "बघा, आम्ही म्हणत होतो ना!" भीती होती खोटी, पण डब्याने ती खरी करून दाखवली.

म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, घड्याळ बघून नव्हे, बाळ बघून. ते तोंड उघडतं, मान वळवून शोधतं, मूठ चोखतं, या त्याच्या मागण्या. रडणं ही शेवटची मागणी. तोवर ते इतकं चिडलेलं असतं की धड पकडतही नाही.

आणि पकड बघा. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. फक्त बोंडी नाही, भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात हवा. पाजताना सारखं दुखत असेल, चिरा पडत असतील, तर बहुतेक वेळा पकड चुकलेली असते. आईने सोसत बसू नये. नर्सताईला किंवा आशाताईला समोर बसवून पकड सुधारून घ्यावी.

०८:४० पाचवी: लंगोट मोजायचे

पाचवीला आपल्याकडे पूजा होते. सटवाई रात्री येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणतात. जुन्या बायकांना या पहिल्या आठवड्याची धास्ती होती आणि ती उगाच नव्हती. आजही पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात.

तर पूजा करा, पण त्या दिवशी आणखी एक काम करा. ओले लंगोट मोजा.

हिशोब सोपा आहे. पहिल्या दिवशी किमान एक वेळा शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा, तीही फिकट रंगाची. शीचा रंगही बोलतो. पहिले दोन दिवस काळी-चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी, पातळसर. अंगावर पिणारं बाळ दिवसातून पाच-सहा वेळा शी करतं, त्याला जुलाब म्हणत नाहीत.

पाचव्या दिवशीही शी काळीच आहे, शू दोन-तीनदाच आणि गडद होतेय, तर दूध पोटात कमी जातंय. मग त्याच दिवशी दाखवायचं. आणि लंगोट भरपूर ओले होत असतील, तर बाळ कितीही रडू दे, दूध पुरतंय.

बाबालोक, हे काम तुमचं बरं का! मोबाईलमध्ये एक नोट उघडा. पाजलं की वेळ, शू-शी झाली की खूण. डायपरमुळे मोजणं फसतं, म्हणून पहिला आठवडा शक्य असेल तर सुती लंगोटच ठेवा. चुलत्या-मामांच्या मतांपुढे तुमची ही यादी ठेवली की वाद आपोआप मिटतो.

११:१० मग ते रडतं कशाला?

ओलं झालं म्हणून. उकडतंय म्हणून. ढेकर अडकला म्हणून. दिवसभर दहा जणांनी हातात घेतलं म्हणून. आणि कित्येकदा फक्त कुशीत यायचं असतं म्हणून. नऊ महिने जे पोटात होतं, त्याला पाळण्यात एकटं पडणं नवीनच आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळ अचानक तासातासाला मागायला लागतं, विशेषतः संध्याकाळी. छाती मऊ वाटते, बाळ चिडचिडतं, आणि आईला वाटतं दूध आटलं. प्रत्यक्षात बाळ वाढतंय आणि वारंवार ओढून जास्त दुधाची ऑर्डर देतंय. दोन-तीन दिवस नेटाने पाजलं की दूध वाढतं.

१२:३० बारसं: वजनाचा काटा

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं. ७ टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं, १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर डॉक्टरांनी बघायलाच हवं. म्हणजे ३ किलोचं बाळ २ किलो ८०० ग्रॅम झालं म्हणून घाबरायचं नाही. २ किलो ७०० च्या खाली गेलं तर थांबायचं नाही.

साधारण १० ते १४ दिवसांत वजन जन्माच्या आकड्यावर परत येतं. म्हणजे बारशाच्या आसपास. त्यानंतर आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढ झाली की दूध पुरतंय याचा याहून पक्का पुरावा नाही. नाव ठेवायच्या आधी एकदा वजन करून घ्या, एवढंच म्हणणं.

१४:०० पाणी, घुटी, मध

आता वऱ्हाडातला खास प्रश्न. मे महिना, अकोल्याचा पारा ४५च्या घरात, कूलर गरम हवा फेकतोय. आजी म्हणते, "एवढ्या उन्हात लेकराले पानी नाई पाजत? घसा सुकून जाईन!"

आजीची माया खरी आहे, पण उत्तर वेगळं आहे. आईच्या दुधात जवळजवळ ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात पाजायच्या वेळा वाढवा. वरचं पाणी सहा महिने नको. त्या एवढ्याशा पोटात पाणी गेलं तर दुधाची जागा जाते, आणि पाणी दूषित असलं तर जुलाब. पाणी द्यायचंच असेल तर आईला द्या! "बाळंतिणीने पाणी कमी प्यावं" हा समज सोडून द्या, तिला तहान लागेल तेवढं पिऊ द्या. बाळाला एक पातळ सुती झबलं पुरे. कूलर चालेल, फक्त थेट झोत अंगावर नको.

मध एक वर्षापर्यंत अजिबात नको. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते मोठ्या माणसाला पचतात, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात, त्याने अंग लुळं पडतं. सहाणेवरची घुटी, ग्राइप वॉटर, गाईचं पाणी घातलेलं दूध, शेळीचं दूध, यातलं काहीच या वयात लागत नाही. बेंबीला राख, तेल, कुंकू लावायचं नाही, कोरडी ठेवायची. आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर नको, त्या फुप्फुसांना तो झेपत नाही.

बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल द्या, अंगात ताकद येते. पण नुसतं लाडवांवर दूध वाढत नाही. पोटभर भाकरी, वरण, भाजी, झोप आणि बाळाचं ओढणं, यावर ते वाढतं.

१७:०० शांत बाळ

आता मघाशी म्हटलेली दुसरी गोष्ट. "आमचं लेकरू किती शहाणं, दिवसभर झोपून असते, मागतच नाई!" हे ऐकलं की मला धास्ती वाटते.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ पटकन थकतं. त्याला रडायलाही ताकद लागते. ते पीत नाही म्हणून थकतं आणि थकतं म्हणून पीत नाही. अशा बाळाला दर दोन तासांनी उठवून पाजावं लागतं. ओढता येत नसेल तर आईचं दूध काढून वाटी-चमच्याने द्यावं लागतं. आणि त्याला छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायचं, यालाच कांगारू पद्धत म्हणतात. बाळ ऊबदार राहतं, वजन वाढतं. ही ऊब बाबाही देऊ शकतो.

आधी नीट पिणारं बाळ अचानक प्यायचं कमी झालं, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. ही गोष्ट गावपातळीवर ओळखता येते, हे विदर्भानेच जगाला दाखवलं. आपल्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, पाजायला मदत करायच्या, आणि प्यायचं थांबणं, रडणं क्षीण होणं, अंग गार पडणं अशा खुणांवरून संसर्ग ओळखून औषध द्यायच्या. तिथे पहिल्या महिन्यातले बालमृत्यू हजारी ६२ वरून १९९८ पर्यंत हजारी २५ वर आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे छापून आलं. २०११ पासून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर आशाताईंमार्फत सुरू झाला.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, धारणीजवळच्या उतावलीत, डॉ. आशीष आणि डॉ. कविता सातव यांची 'महान' संस्था गावातल्या बायकांना शिकवून असंच घरोघरीचं काम करते. मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापल्या लोखंडाने पोटावर चटके द्यायची 'डंबा' ही प्रथा अजून पूर्ण गेलेली नाही. ऐकून आपल्याला शहारे येतात. पण दवाखाना लांब आणि बाळ हातातून जातंय, अशा वेळी आईबाप जवळ असेल त्याच्याकडे धावतात. म्हणून दारापर्यंत येणारी बाई महत्त्वाची.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. तिच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा असतो, थर्मामीटर असतं. तिला दारातून परत पाठवू नका. "आमचं प्रायव्हेटला झालं" म्हणूनही नाही.

२१:३० सव्वा महिना: बाळ काय काय शिकलं?

या सगळ्या धावपळीत बाळ मात्र आपलं शिकत असतं. जन्मतःच त्याला आईचा वास आणि आवाज ओळखू येतो. दिसतं ते साधारण २० ते ३० सेंटीमीटरपर्यंतच, म्हणजे छातीशी असताना आईचा चेहरा दिसेल एवढंच. म्हणून पाजताना मोबाईल बाजूला ठेवा. त्याच्यासाठी तो टीव्ही तुम्हीच आहात! गालाला बोट लावलं की ते तिकडे वळतं, मोठा आवाज झाला की दचकून हात पसरतं, तळहातात बोट ठेवलं की घट्ट धरतं. दिवसाचे साधारण १६ तास झोपतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. झोपवायचं नेहमी पाठीवर.

सव्वा महिना संपता संपता ते चेहऱ्याकडे टक लावून बघतं, आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास तुमच्याकडे बघून पहिल्यांदा खरं हसतं. त्याच सुमाराला दीड महिन्याचं लसीकरणही असतं, ते चुकवू नका. व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टरांना विचारून रोज द्या.

२३:२० पावडर लागलीच तर

काही आयांना खरंच दूध कमी येतं. काही आजारी असतात. त्यांना कोणी टोमणे मारू नयेत. पण पावडर डॉक्टर सांगतील तीच आणि तेवढीच. पाणी उकळलेलं, माप डब्यावर लिहिलंय तसंच. डबा महिनाभर पुरावा म्हणून पातळ केली तर बाळाचं पोट भरतं, वजन वाढत नाही. बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा, तो धुवायला सोपा. आणि पावडरची जाहिरात आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंद आहे, म्हणून रीलमध्ये कोणी डबा दाखवत असेल तर सावध व्हा.

शेतात किंवा कामावर परत जायचं असेल तर दूध हाताने काढून ठेवता येतं. साध्या, थंडसर खोलीत ते साधारण चार तास टिकतं. आपल्या उन्हाळ्यात मात्र लगेच फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर लवकर वापरा.

२५:०० हे पान सेव्ह करून ठेवा

यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही:

• बाळ प्यायचं थांबलं किंवा खूपच कमी झालं
• सुस्त पडलं, उठवूनही उठत नाही, रडणं क्षीण झालं
• अंग तापलं (३७.५ अंश सेल्सिअसच्या वर) किंवा हातपाय-पोट गार पडलं
• शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते
• झटके
• पहिल्याच दिवशी कावीळ, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत. कोवळ्या उन्हात ठेवून ही कावीळ जात नाही
• बेंबीतून पू, भोवती लाली

अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग, ही दोन्ही जिल्हा स्त्री रुग्णालयं सगळ्यांना माहीत आहेत. सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. गाडीसाठी १०८ किंवा १०२ लावा. नेताना बाळाला गुंडाळा, छातीशी धरा, पीत असेल तर वाटेत पाजत राहा.

एक शेवटचं, आईबद्दल. पहिले काही दिवस उगाच रडू येणं नेहमीचं आहे. पण दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर तो तिचा हट्ट नाही, तो आजार आहे. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, मोफत. तिच्याऐवजी नवऱ्याने फोन लावला तरी चालतो.

तर आजपुरतं एवढंच. घरात किंवा ओळखीत कोणाचे दिवस भरत आले असतील तर हा भाग त्यांना आत्ताच पाठवा, बाळ आल्यावर ऐकायला कोणाला वेळ नसतो. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात मालिश आणि आंघोळ. त्यावर आज्यांचे बरेच मेसेज आधीच येऊन पडलेत!